तक्ता चार

महापेला, तिसऱ्या मजल्यावर,
माझं काम खालचं वरच्याशी जुळवायचं.
तक्त्याखाली टिपा असतात, बारीक अक्षरात,
आणि वर, आकड्यांच्या खांद्यावर, त्यांच्या खुणा:
तारा, कट्यार, दुहेरी कट्यार.
प्रत्येक खुणेला टीप हवी,
प्रत्येक टिपेला खूण.

विद्वांस बाई होत्या तेव्हा
स्टीलची पट्टी ओळीखाली धरून
एकेक खूण ओठांत म्हणत उतरायच्या.
डॅगर म्हणायच्या नाहीत. कट्यार.
"नावापुढे आली तर माणूस गेला समजायचं,
आकड्यापुढे आली तर खाली बघायचं."
बाई निवृत्त झाल्या, पट्टी माझ्याकडे राहिली.
मी तिनं पार्सलं फोडते.

आता रोहिदास भोईरचा मॅक्रो आहे.
घणसोली गावातला मुलगा,
स्वतःच्या हळदीत, मागे बेंजो वाजत असताना,
त्यानं फोनवर मला एक दुरुस्ती सांगितली होती.
चौरस मीटरवरचा दोन मॅक्रोला टीप वाटायचा,
"टीप दोन सापडत नाही" म्हणून
एका फाइलीत चाळीस वेळा ओरडला होता.
आता शहाणा झालाय.
जुळलं की हिरवं. नाही जुळलं की पिवळं.
बाईंना अर्धा दिवस लागायचा,
त्याला माझा चहाचा एक घोट.

आज तक्ता चार पिवळा.
खाणकामगार, फुप्फुसं,
दोन तपासण्या, मध्ये अठरा महिने.
खाली कट्यार आहे, वर कुठेच नाही.
टीप अशी:
दोन कामगार दुसऱ्या तपासणीआधी निघून गेले; संपर्क झाला नाही.

मी पट्टी शोधली.
तिला चिकटपट्टीचा डिंक लागलेला, नखानं खरवडला.
ओळीखाली धरून उतरत गेले.
वय. विडी. धुळीत काढलेली वर्षं.
पहिली तपासणी, एकतीस जण.
दुसरी तपासणी, एकतीस जण.
पुन्हा पाहिलं. एकतीस.

त्याच्याखाली: खोकला, अकरा जण,
सदतीस पूर्णांक नऊ टक्के.
एकतिसातले अकरा म्हणजे साडेपस्तीस.
सदतीस पूर्णांक नऊ यायला
एकोणतीसच हवेत.
म्हणजे खूण गळून पडली नव्हती.
दोघं उठून गेल्यावर कुणीतरी
पंगतीत त्यांची पानं तशीच मांडून ठेवली होती,
आणि टक्के काढणाऱ्याला ते सांगायचं राहिलं होतं.

मॅक्रोला भागाकार येत नाही.
खूण दिसली की त्याचं समाधान.
मी गंमत म्हणून कट्यार
एका भलत्याच वयाच्या खांद्यावर ठेवली.
झालं हिरवं.
परत काढली.

लेखकाला प्रश्न लिहिला:
कृपया तपासावे. एकतीस की एकोणतीस?
कट्यार कुठे हवी, कृपया कळवावे.
कृपया दोनदा आलं होतं. एक खोडलं.

खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो,
कापलेल्या बाजूनं.
एसीच्या जाळीत पिठासारखं काही साठतं,
शुक्रवारी कमळाबाई ओल्या फडक्यानं पुसतात
आणि फडकं बादलीत पिळताना तोंड वळवतात.
लेखातली खाण कुठली ते दिलेलं नाही.
कामगारांची नावंही नाहीत.
पद्धतच आहे तशी, आणि चांगली आहे.

उत्तर सहाला आलं.
टीप काढावी. धन्यवाद.
आकड्याबद्दल अक्षर नाही.

आमच्या नियमावलीत लेखकाचा शब्द शेवटचा.
काढली.
तक्ता चार हिरवागार.
रोहिदास खुर्ची फिरवून म्हणाला,
"ताई, झाला की हिरवा. पाठवा आता."
"झाला," म्हटलं,
आणि दुसरा प्रश्न लिहायला घेतला.
या वेळी कृपया नाही, नुसतं गणित.
अकरा भागिले एकतीस.
खाली उत्तरापुरती जागा सोडली.